मामांची ट्रंक आणि शिष्यांचे जाळे : प्रकल्प नोंदी

शनिवार, १४ जून २०२५, कोल्हापूर

सांगलीच्या मामांनी घर आवरताना कॅसेटने भरलेली पत्र्याची ट्रंक माझ्या स्वाधीन केली. मोजल्यावर १३७ कॅसेट निघाल्या. निम्म्याहून अधिक दुकानातून विकत घेतलेल्या आहेत आणि उरलेल्या मामांनी रेडिओवरून किंवा मैफलीत बसून स्वतः भरलेल्या. या कॅसेटचे संगणकीय ध्वनिमुद्रण करणे एवढेच काम असते तर त्यासाठी नोंदवही उघडली नसती. मला त्यातून दोन गोष्टी साधायच्या आहेत : या संग्रहाच्या आधाराने न ऐकलेले गाणे शोधणे, आणि जे सापडेल ते इतरांपर्यंत पोहोचवणे. हे सारे मुक्त सॉफ्टवेअरवर आणि माझ्याच लॅपटॉपवर व्हावे, अशी अट मी स्वतःला घातली आहे.

यंत्र आठ वर्षांचे जुने असून त्यात ८ जीबी मेमरी आणि डेबियन १२ ही मुक्त संगणकप्रणाली आहे. गाणी वाजवण्याचे काम एमपीडी करतो, म्हणजे पडद्याआड बसून वाजवणारा आणि कोणत्याही खिडकीतून हुकूम घेणारा वादक. ऐकलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद एक छोटा प्रोग्राम लिसनब्रेन्झकडे पाठवतो. ही सेवा म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-कोशाच्याच संस्थेची आहे आणि ऐकणाऱ्यांच्या नोंदींवरून ती दर सोमवारी प्रत्येकाला नव्या गाण्यांची यादी तयार करून देते.

माझ्या यादीत सकाळी ऐकलेल्या तोडी रागाचा मागमूसही नसतो. कारण शोधले तेव्हा दोष माझ्याच फाइलींचा निघाला : अर्ध्याअधिक फाइलींत गायकाचे नाव 'ट्रॅक ०१' होते. नाव नसलेल्या गायकाची संगत यंत्र कोणाशी लावणार?

आणखी एक गोष्ट याच निमित्ताने लक्षात आली. गाणे निम्मे किंवा चार मिनिटे, यांपैकी जे आधी होईल तेवढे वाजले की ते 'ऐकले' असे धरण्याचा संकेत आहे. त्यामुळे चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल शेवटपर्यंत ऐकला तरी नोंद एकच होते आणि तेवढ्याच वेळात तीन मिनिटांची तेरा गाणी ऐकली तर तेरा होतात. आकडेवारीच्या दुनियेत ख्याल ऐकणारा माणूस मुळातच अबोल ठरतो.

शनिवार, २१ जून

कॅसेट वाजवणाऱ्या डेकची तार लॅपटॉपला जोडणारे छोटे यूएसबी यंत्र आणले. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या दर्जाने मुद्रण करायचे ठरवले. त्या हिशेबाने एका तासाला सुमारे १ जीबी जागा लागते, ती फ्लॅक या आकसलेल्या फाइल-प्रकारात गेल्यावर साधारण निम्मी होते आणि आवाजातला एक कणही गळत नाही.

पहिल्या कॅसेटवर गायकापेक्षा घुमणारा आवाजच ठळक आला. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये पाहिले तर ५० हर्ट्झवर उंच सुळका उभा, म्हणजे घरातल्या विजेचीच घरघर. तारा बदलल्या, डेक दुसऱ्या खोलीत नेला, शेवटी कंटाळून लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर क्षणात थांबली. यापुढे मुद्रण बॅटरीवरच होईल. जुनी बॅटरी जेमतेम एक बाजू पुरते.

रविवार, २९ जून

अकरा कॅसेट झाल्या आणि सगळ्याच पुन्हा कराव्या लागतात की काय, अशी वेळ आली होती.

विकत घेतलेल्या कॅसेटची ओळख पटवण्यासाठी मी पिकार्ड हा प्रोग्राम वापरतो. तो फाइलीतल्या आवाजाचा 'ठसा' काढतो आणि अकूस्टआयडी या खुल्या साठ्यात तसा ठसा आहे का ते पाहतो. हा ठसा क्रोमाप्रिंट नावाच्या पद्धतीने निघतो : आवाज कमी दर्जाचा करून त्याचे छोटे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यातली ताकद सप्तकातल्या बारा स्वरांच्या बारा कप्प्यांत वाटायची. साधारणपणे पहिली दोन मिनिटेच पाहिली जातात. ख्यालाच्या मुद्रणात त्या दोन मिनिटांत तानपुरे आणि आलापाची सुरुवात यांपलीकडे फारसे काही नसते, त्यामुळे यंत्राला गोंधळ पडेल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात गोंधळ निराळाच निघाला, कारण जी मुद्रणे साठ्यात नक्की आहेत तीही जुळेनात.

उलगडा आईने केला. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "अरे, हे बुवा काळी एकमध्ये गातात. हा षड्ज काळी एकचा नाही आणि पांढरी दोनचाही नाही, मध्येच लोंबकळतोय." मग पेटी काढून तिने दोन्ही पट्ट्या धरून दाखवल्या आणि बुवांचा षड्ज खरोखरच दोन पट्ट्यांच्या मधोमध तरंगत होता.

त्याच ध्वनिमुद्रणाची विकत घेतलेली फ्लॅक प्रत माझ्याकडे होती. कॅसेटवर त्याची लांबी २२ मिनिटे ४० सेकंद भरली, विकतच्या प्रतीत २३ मिनिटे २१ सेकंद. म्हणजे डेक तीन टक्के जास्त वेगाने धावत होता. शेजारच्या पट्टीपर्यंत जायला सुमारे सहा टक्के वेग वाढावा लागतो, तेव्हा तीन टक्के म्हणजे बरोबर अर्धी पट्टी, आईने कानाने सांगितली तेवढीच. सगळे स्वर कप्प्यांच्या कडेवर जाऊन बसले की बारा कप्प्यांच्या यंत्राला ओळख पटणार तरी कशी?

अकराही फाइली सॉक्स या ध्वनी-प्रोग्रामने ०.९७ पट वेगाला आणल्या आणि चार कॅसेट लगेच ओळखल्या गेल्या. डेकच्या मोटारीला मागच्या बाजूने छिद्र असून आत वेगाचा स्क्रू आहे, तो बारीक पेचकसाने फिरवून घेतला. प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे, पण तो मोजण्याची सोय नसल्याने तीच कॅसेट वाजवत, घड्याळ आणि आईची पेटी यांच्या साक्षीने स्क्रू बसवला.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

आजचा दिवस अक्षरांत गेला.

सगळी नावे देवनागरीत ठेवायची हे पहिल्यापासून ठरले होते. फ्लॅकमधली माहिती युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपातच लिहिली जाते, त्यामुळे ती वाचताना अडचण येत नाही. जुन्या काही एमपीथ्री फाइलींत मात्र कोणीतरी छपाईच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर भरलेला असल्याने नावांच्या जागी नुसते चिन्हांचे कडबोळे दिसते. ती नावे हाताने लिहून काढली.

खरा घोळ शोधताना झाला. 'वाऱ्यावर' हा शब्द असलेली दोन गाणी संग्रहात आहेत हे मला ठाऊक होते, पण शोधले की एकच येई. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, कारण आखूड र्‍य लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत खास 'ऱ' हे अक्षर वापरतात, तर दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी या दोन रीती एक होत नाहीत, कारण नियमांनुसार त्या एकमेकींच्या पर्यायी मानलेल्याच नाहीत. 'ॲ'चेही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याआधीचे लोक अ वर अर्धचंद्र देऊन भागवत, म्हणून 'ॲल्बम'ही दोन प्रकारचे आहेत. मराठी माणूस दोन्ही एकच वाचतो, संगणकाला ती दोन नावे वाटतात. वीस ओळींचा पायथन प्रोग्राम लिहून सगळीकडे 'ऱ' आणि 'ॲ' हीच रूपे केली.

दुपारी पिकार्डने एका फाइलीचे नाव बदलण्यास नकार दिला. फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे काने, मात्रा, वेलांट्या धरून जेमतेम ८५ चिन्हे. मी राग, ताल, बंदिशीचे बोल, गायक आणि साथीदार असा सगळा संसार एका नावात कोंबत होतो. आता फाइलीचे नाव छोटे, बाकी सारे आतल्या रकान्यांत.

काळ्या खिडकीत चालणाऱ्या यादीवाल्या प्रोग्रामांत जोडाक्षरे सरकतात आणि रकाने वाकडे होतात. त्यावर वेळ घालवणार नाही, त्यापेक्षा यादी ब्राउझरमध्ये पाहीन.

रविवार, २० जुलै

कोशात कुठेही नसलेली पहिली कॅसेट आज म्युझिकब्रेन्झमध्ये घातली. साधे काम वाटले होते, प्रत्यक्षात सारी संध्याकाळ गेली, आणि गेली याचे वाईट वाटले नाही.

तिथे 'गाणे' अशी एक वस्तू नाही. बंदिश ही एक रचना, ती अमुक गायकाने अमुक वेळी गायली हे एक ध्वनिमुद्रण आणि ते ज्या कॅसेटमधून बाजारात आले ते एक प्रकाशन, अशा तीन पायऱ्या आहेत. मराठी रसिकाला हा भेद शिकवावा लागत नाही. एकच चीज पाच गायकांकडून ऐकून पाचांची तुलना करत बसणे हा आपल्याकडचा जुना छंद आहे. रचनेच्या पायरीवर हिंदुस्थानी राग आणि ताल नोंदवण्याचे वेगळे रकाने आहेत हे पाहून समाधान वाटले. कंपम्युझिक या बार्सिलोनाच्या विद्यापीठातल्या प्रकल्पाने हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-आंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा या पाच परंपरांवर काम केले, आणि आपल्या दोन्ही पद्धतींच्या नोंदी या कोशात नीट बसाव्यात यासाठी त्या मंडळींनी बरीच खटपट केली होती.

नाव छापलेले असेल तसे, म्हणजे देवनागरीत लिहिता येते. फक्त क्रमवारीसाठीचे नाव रोमन लिपीत द्यावे लागते. एका बाईंचे नाव एका कव्हरवर नुसते, दुसऱ्यावर पदवीसह आणि तिसऱ्यावर निराळ्या ऱ्हस्व-दीर्घाने छापलेले असले तरी तिन्ही ठिकाणी छापील रूप कायम ठेवून आतून एकाच व्यक्तीशी जोडता येते. माझ्या फाइलींत या एका बाईंच्या तीन बायका झाल्या होत्या.

कव्हर स्कॅन करून तेही चढवले. हे चित्रभांडार म्युझिकब्रेन्झ आणि इंटरनेट आर्काइव्ह यांनी २०१२ साली मिळून उभे केले आहे. कव्हरच्या आतल्या घडीवर तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावे इतक्या बारीक टाइपात आहेत की स्कॅन ६०० डीपीआयला करावा लागला. तबलजींचे नाव आजवर कोणी कुठे टंकले नसावे.

रविवार, १७ ऑगस्ट

या महिन्याच्या ९ तारखेला डेबियन १३ आले. मी लगेच यंत्र त्यावर नेले, सगळे सुरळीत दिसले आणि निर्धास्तपणे शुक्रवारी रात्री तीन ९० मिनिटांच्या कॅसेट एकामागून एक लावल्या. तिसऱ्या कॅसेटच्या मध्यावर 'जागा शिल्लक नाही' असा संदेश आला. डिस्क तर अर्धी रिकामी. काहीतरी अडकले असेल म्हणून यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि तिन्ही कॅसेटचे मुद्रण नाहीसे झाले.

माझा प्रोग्राम कच्ची फाइल तात्पुरत्या साठ्याच्या फोल्डरमध्ये लिहितो. नव्या आवृत्तीपासून ते फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असते, त्याला मेमरीच्या निम्मी, म्हणजे माझ्याकडे ४ जीबी जागा मिळते आणि यंत्र बंद झाले की ते पुसले जाते. तीन कॅसेटना साडेचार जीबीहून अधिक जागा हवी होती. नव्या आवृत्तीसोबतच्या टिपणात हे स्वच्छ लिहिलेले आहे. मी ते आज वाचले.

प्रोग्राममधली एक ओळ बदलली. कॅसेट ५२, ५३ आणि ५४ पुन्हा लावायच्या आहेत. ५३ ची फीत पहिल्याच वेळी कुरकुरत होती, ती आणखी एकदा चालेल ना याची धास्ती आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

गणपतीत काम झाले नाही. (५३ चालली.)

या प्रकल्पाची दिशा आज बदलली, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितो.

एव्हाना माझ्या नोंदी व्यवस्थित जाऊ लागल्या आहेत आणि सोमवारच्या यादीत अधूनमधून हिंदुस्थानी गायकही येतात. ही यादी ज्या गणितावर चालते त्याचे तत्त्व साधे आहे : तुमच्यासारखे ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात ते पाहायचे. ज्या संगीताला हजारो श्रोते नोंदी पाठवतात तिथे हे तत्त्व उत्तम चालते. पण जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे ऐकणारे आणि शिवाय त्याची नोंद पाठवणारे लोक मूठभर, त्यांतही प्रत्येकाची आवड दोन-चार मोठ्या नावांभोवती. गर्दीच्या पावलांवरून वाट शोधायची तर तिथे मुळात गर्दी हवी.

मामा नवा गायक कसे शोधत? त्यांना मी फोन करून विचारले. ते म्हणाले, "कोणाचा शिष्य, एवढंच बघायचं. गुरू आवडला तर शिष्याला ऐकायचं, आणि शिष्य आवडला तर गुरूच्या तबकड्या शोधायच्या." आपल्याकडची शिफारस-पद्धत पिढ्यान्‌पिढ्या हीच आहे आणि म्युझिकब्रेन्झमध्ये तिची जागाही आहे. दोन व्यक्तींमध्ये 'गुरू' हे नाते जोडता येते.

म्हणून अल्लादियाखाँसाहेबांपासून सुरुवात केली. खाँसाहेब (१८५५–१९४६) जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक आणि कोल्हापूर दरबारचे गायक. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. म्हणजे ऐकण्याच्या आकडेवारीत त्यांच्या नावापुढे कायमचे शून्य आहे आणि कोणतेही गणित त्यांची शिफारस करणार नाही. नात्यांच्या नकाशात मात्र सारे झाड त्यांच्यापासून फुटते : चिरंजीव मंजीखाँ आणि भूर्जीखाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मंजीखाँ आणि भूर्जीखाँकडून मल्लिकार्जुन मन्सूर, मोगूबाईंकडून त्यांची कन्या किशोरी आमोणकर, केसरबाईंकडून धोंडूताई कुलकर्णी. यांतली काही नाती कोणीतरी आधीच जोडून ठेवली होती, काही मी जोडली.

जोडताना एक अडचण सतत टोचत राहिली. केसरबाई लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँकडे सुमारे आठ महिने शिकल्या, तर अल्लादियाखाँकडे १९२१ पासून खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत. कोशाच्या लेखी दोघेही 'गुरू', रेघ तीच आणि तेवढ्याच जाडीची. मोगूबाईंची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. सांगलीला खाँसाहेबांकडे शिक्षण सुरू झाले, मध्ये खंड पडला, त्या काळात आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँकडे आणि खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडेही तालीम झाली आणि मग पुन्हा खाँसाहेब. गंडाबंध, म्हणजे गंडा बांधून रीतसर झालेला शिष्य, चार महिने तालीम घेतलेला शिष्य आणि दाराआडून ऐकून उचललेला शिष्य यांत आपण जमीन-अस्मानाचा फरक करतो. तो दाखवायला नात्याला आरंभ आणि अखेरीची वर्षे लिहिण्यापलीकडे सोय नाही. जिथे वर्षांना पुस्तकाचा आधार आहे तिथे ती लिहिली, बाकी ठिकाणी रकाने मोकळे ठेवले.

रविवार, २१ सप्टेंबर

नात्यांवरून चालत जाणारा छोटा प्रोग्राम लिहिला. एका गायकापासून निघायचे, गुरू आणि शिष्य अशा दोन्ही दिशांना दोन पावले जायचे आणि भेटलेल्या प्रत्येकाची कोशातली ध्वनिमुद्रणे गोळा करायची. कोशाची विनंती आहे की सेकंदाला एकापेक्षा अधिक प्रश्न विचारू नयेत, ती पाळली. काल रात्री तो चालू ठेवून झोपलो.

सकाळी आठ वाजता तो चालूच होता. भेटून झालेल्या नावांची यादी ठेवायला मी विसरलो होतो आणि पावले मोजणारी ओळही चुकीच्या जागी होती, त्यामुळे तो रात्रभर गुरूकडून शिष्याकडे, शिष्याकडून पुन्हा गुरूकडे अशा येरझाऱ्या घालत राहिला. सेकंदाला एक याप्रमाणे आठ तासांत सुमारे २८ हजार प्रश्न, आणि त्यांची उत्तरे तीच पन्नास-साठ माणसे. नियम मोडला नाही, पण फुकट चालणाऱ्या सर्व्हरला उगाच राबवल्याची खंत वाटली. आता प्रत्येक उत्तर डिस्कवर साठवले जाते आणि आठवडाभर तेच वापरले जाते.

दुरुस्तीनंतर चार मिनिटांत काम झाले. आलेल्या यादीत मी आयुष्यात कधीही न ऐकलेली नऊ नावे होती. तीन महिन्यांच्या सोमवारांनी मिळून जेवढी दिली नसतील तेवढी.

रविवार, ५ ऑक्टोबर

हे सगळे इतरांना द्यायचे कसे, हा प्रश्न लांबणीवर टाकत आलो होतो. पुण्याच्या आतेबहिणीने सरळ विचारले, "दादा, सगळ्या फाइली एका ड्राइव्हवर टाकून लिंक पाठव ना." म्हणून आज कायदा वाचत बसलो.

भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणे यंदा १ जानेवारीपासून मोकळी आहेत. मात्र मुद्रण मोकळे झाले म्हणून आतले शब्द आणि चाल मोकळी होत नाही, त्यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांचे या हिशेबात चांगले जमते : देवल १९१६ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२, खाडिलकर १९४८, गोविंदराव टेंबे १९५५. भावगीतांचे तसे नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत राखीव आहेत.

मामांच्या ट्रंकेला यातले फारसे काही लागू पडत नाही, कारण कॅसेट हा प्रकारच मुळी १९६३ साली जन्मला. जुन्या तबकड्यांवरून पुन्हा काढलेल्या पाच-सहा कॅसेट सोडल्या तर सारे राखीव. मैफलीत भरलेल्या कॅसेटवर कलावंताचा स्वतंत्र हक्क ५० वर्षे असतो, रेडिओवरून भरलेल्यांवर प्रसारणाचा २५ वर्षे. शिवाय फाइल अमेरिकेतल्या सर्व्हरवर चढवली की तिथला कायदा लागतो आणि तो आणखी निराळा आहे : तिथे १९२३ च्या आधीची ध्वनिमुद्रणे २०२२ साली कुठे मोकळी झाली.

तेव्हा फाइली घराबाहेर जाणार नाहीत. घरातल्या घरात ऐकण्यासाठी नॅव्हिड्रोम हा गाणी पुरवणारा सर्व्हर लावला आहे, आईच्या फोनवर ट्रंकेतले सगळे वाजते आणि त्यातली बाहेर लिंक देण्याची सोय बंदच आहे. आतेबहिणीला कळवले. ती रुसली.

रविवार, २६ ऑक्टोबर

फाइली न देताही बरेच काही देता येते, हे दिवाळीच्या सुट्टीत करून पाहिले.

माझ्या प्रोग्रामच्या यादीतून आठ ध्वनिमुद्रणे निवडून लिसनब्रेन्झवर एक गाणेसूची केली. या सूचीत आवाज नसतो, फक्त प्रत्येक मुद्रणाचा कोशातला क्रमांक, नाव आणि कलावंत. ज्याला ती मिळते तो आपापल्या साधनावर तेच मुद्रण लावतो : कोणाकडे विकत घेतलेली फ्लॅक असेल, कोणी पैसे भरून एखाद्या सेवेवर ऐकत असेल, कोणाकडे कॅसेट असेल. प्रत्येक मुद्रणापुढे मी दोन ओळी लिहिल्या, कोण कोणाकडे शिकले आणि कशाकडे कान द्यायचा.

त्याबरोबर दुरुस्त वेगाच्या फाइलींचे ठसेही अकूस्टआयडीकडे पाठवले. ठशावरून गाणे परत तयार करता येत नाही, पण उद्या ज्याच्या घरी तीच कॅसेट असेल त्याच्या फाइलीला नाव मिळेल. फक्त त्याचा डेक वेगात धावता कामा नये.

आतेबहिणीला आठांपैकी सहा मुद्रणे तिच्या फोनवर मिळाली. उरलेली दोन ऐकायला ती नाताळात इथे येणार आहे.

मामांकडे संगणक नाही. त्यांना सूची छापून पाठवली होती, ती काल पोस्टाने परत आली. एका मुद्रणापुढचे साल त्यांनी पेन्सिलीने खोडले आहे आणि तबलजींचे नाव बदलून समासात लिहिले आहे, 'मी तिथे होतो'. कव्हरवर छापले आहे एक, मामा म्हणतात दुसरे. कोशात छापलेले नाव तसेच ठेवून मामांचे म्हणणे टिपेत घातले.

रविवार, १६ नोव्हेंबर

भूर्जीखाँचे शिष्य एका जुन्या पुस्तकातून पाहून कोशात जोडत होतो, तेव्हा वामनराव सडोलीकर हे नाव आले आणि ते मी अगदी अलीकडे कुठेतरी मामांच्या अक्षरात पाहिले आहे असे वाटले. ट्रंक उपसली. कॅसेट क्रमांक ८८, रेडिओवरून भरलेली, पाठीवर निळ्या शाईत 'सडोलीकर' आणि पुढे रागाच्या जागी प्रश्नचिन्ह. जून महिन्यापासून ती माझ्या टेबलाखाली पडून होती आणि नाव ओळखीचे नाही म्हणून मी तिला शेवटच्या गठ्ठ्यात टाकले होते.

आजच मुद्रण केले. सुरुवातीचे निवेदन कापले गेले आहे, स्थायीच्या मध्यावरून फीत सुरू होते आणि २६ मिनिटांनी बाजू संपते तेव्हा द्रुत बंदीश अर्ध्यावर तुटते. मामांना फोनवर ऐकवली. ते म्हणाले, "तेव्हाही विचारलं होतं चार जणांना, कोणी ठामपणे सांगेना."

आईने दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी पेटी घेऊन बसली, उतरताना एका जागी थबकली आणि म्हणाली, "यात नट राग आहे. पण तो एकटा नाही."

कॅसेट ८८ ची घरच्या संग्रहातली नोंद पूर्ण केली : गायक, गुरू, लांबी, वेगाची दुरुस्ती नाही, आरंभ आणि अखेर अपूर्ण. रागाचा रकाना मोकळा ठेवला आहे. उरलेल्या ३१ कॅसेट डिसेंबरात.